दोन तिकिटे आणि मतांची बेरीज

भारतीय क्रिकेटच्या इतिहासात प्रशासकांची नावे सहसा मैदानांच्या कमानींवर आणि करंडकांवर उरतात, माणसे मात्र विसरली जातात. नरेंद्रकुमार प्रसादराव ऊर्फ एन.के.पी. साळवे यांचेही बरेचसे तसेच झाले आहे. नव्या पिढीला ‘चॅलेंजर करंडका’मागचे नाव एवढीच त्यांची ओळख. जुन्या पिढीला लॉर्ड्सवरच्या दोन तिकिटांची गोष्ट आठवते. ही गोष्ट चटकदार आहे आणि म्हणूनच तिने साळवे यांच्या खऱ्या कामावर पडदा टाकला आहे. वर्ल्ड कप १९८७ मध्ये इंग्लंडबाहेर आला तो कोणाचा अपमान झाला म्हणून नव्हे. हिशेब मांडता येणारा आणि मते मोजता येणारा माणूस त्या वेळी योग्य खुर्चीवर बसलेला होता, म्हणून तो आला.

साळवे यांचा जन्म १८ मार्च १९२१ रोजी छिंदवाड्यात झाला. छिंदवाडा आज मध्य प्रदेशात आहे, पण तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी नागपूर होती आणि छिंदवाडा, बैतूल, नागपूर हा एकाच कारभाराचा प्रदेश होता. घराणे मराठी ख्रिस्ती. वडील प्रसादराव नामांकित वकील होते. आई कॉर्नेलिया आणि वडील दोघेही स्वातंत्र्य चळवळीत उतरले. काँग्रेसचे राजकारण या घरात निवडणुकीच्या तिकिटातून नव्हे, तर चळवळीतून आले. धाकटी बहीण निर्मला पुढे ‘सहजयोगा’च्या संस्थापक निर्मलादेवी म्हणून जगभर ओळखल्या गेल्या. साळवे यांचे चिरंजीव हरीश साळवे १९९९ ते २००२ या काळात देशाचे सॉलिसिटर जनरल होते. वकिली, राजकारण, अध्यात्म आणि क्रिकेट अशा चार दिशांना एकाच घरातली माणसे गेली. एन.के.पी. यांनी त्यांपैकी दोन दिशा एकाच वेळी धरल्या.

व्यवसायाने ते सनदी लेखापाल होते. हे नुसते पदवीपुरते नव्हते. संसदेत करविषयक आणि अर्थविषयक चर्चांमध्ये बोलणारे काँग्रेसजन म्हणूनच ते प्रथम पुढे आले. १९६७ आणि १९७१ मध्ये ते बैतूलमधून लोकसभेवर निवडून गेले आणि १९७८ पासून २००२ पर्यंत महाराष्ट्रातून राज्यसभेत राहिले. सप्टेंबर १९८२ मध्ये वसंत साठे यांच्याकडचे माहिती आणि नभोवाणी खाते त्यांच्याकडे राज्यमंत्री म्हणून आले. दिल्लीतील आशियाई खेळ त्याच हिवाळ्यात झाले आणि दूरदर्शनने ते घरोघरी पोहोचवले, तेव्हा खाते साळवे यांच्याकडे होते. खेळ आणि पडदा यांचे नाते जवळून पाहण्याची अशी संधी क्रिकेटच्या दुसऱ्या कोणत्याही प्रशासकाला त्या काळी मिळाली नव्हती. १९८३ च्या सुरुवातीला त्यांच्याकडे पोलाद आणि खाण खाते गेले.

क्रिकेटमधला त्यांचा प्रवेश विदर्भ क्रिकेट संघटनेतून झाला. महाराष्ट्र हे राज्य एक असले तरी क्रिकेटच्या नकाशावर ते तीन तुकड्यांत आहे: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. १९५७-५८ पासून विदर्भाचा संघ रणजी करंडकात स्वतंत्रपणे खेळतो आणि भारतीय क्रिकेट नियामक मंडळात विदर्भाला स्वतंत्र मत असते. मंडळाचे राजकारण ज्या मतांवर चालते त्यांत दुबळ्या संघाचे मत आणि मुंबईसारख्या बलाढ्य संघाचे मत सारखेच. त्यामुळे मैदानावर फारसे काही न जिंकणारी संघटना बैठकीच्या टेबलावर मात्र वजनदार ठरू शकते. सत्तरच्या दशकात साळवे विदर्भ संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांच्या आधी मंडळाच्या अध्यक्षपदी बसलेले शेषराव वानखेडे हेही नागपूरचेच आणि राजकारणातलेच. ज्या वानखेडे यांच्या नावाने मुंबईचे मैदान ओळखले जाते ते विदर्भातले, हे मुंबईकरांच्या सहसा लक्षात नसते. १९८२ मध्ये वानखेडे यांच्यानंतर साळवे मंडळाचे अध्यक्ष झाले. पुढे २००८ मध्ये शशांक मनोहर त्याच पदावर आले आणि नागपूरची परंपरा चालू राहिली.

साळवे यांनी हाती घेतलेले मंडळ आजच्यासारखे श्रीमंत नव्हते. प्रसारणाच्या हक्कांतून पैसा येत नव्हता, उलट सामने दाखवण्याचा खर्चच पुढे येई. २५ जून १९८३ रोजी कपिलदेवच्या संघाने लॉर्ड्सवर १८३ धावा करून वेस्ट इंडीजला १४० धावांत गुंडाळले, तेव्हा विजेत्यांना साजेसे बक्षीस द्यावे एवढी रक्कमही मंडळाच्या तिजोरीत नव्हती. त्या वेळी क्रिकेट प्रशासक राजसिंग डुंगरपूर यांच्यामार्फत लता मंगेशकर यांना साकडे घालण्यात आले. ऑगस्टमध्ये दिल्लीत त्यांचा कार्यक्रम झाला. लताबाईंनी मानधन घेतले नाही. जमलेल्या निधीतून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये देण्यात आले. विश्वविजेत्या संघाला बक्षीस देण्यासाठी गाण्याच्या मैफलीची तिकिटे विकावी लागली, यावरून तेव्हाच्या मंडळाच्या परिस्थितीची कल्पना यावी. (नागपूरच्या डिगडोह टेकडीवर आज एक वैद्यकीय महाविद्यालय साळवे यांच्या नावाने आहे आणि त्याला जोडलेले रुग्णालय लता मंगेशकर यांच्या नावाने.)

आता तिकिटांची गोष्ट. ती साळवे यांनीच पुढे सांगितली आणि नंतर क्रिकेटवरच्या असंख्य लेखांत तिची पारायणे झाली. भारत अंतिम फेरीत पोहोचला तेव्हा मंडळाचे अध्यक्ष म्हणून साळवे यांना मिळायच्या त्या जागा मिळाल्या होत्या. पाहुण्यांसाठी त्यांनी आणखी दोन तिकिटे मागितली. मेरिलबोन क्रिकेट क्लबने ती दिली नाहीत. इंग्लंड उपांत्य फेरीत भारताकडूनच हरल्यामुळे सभासदांच्या कित्येक जागा त्या दिवशी रिकाम्या होत्या, ही साळवे यांची खरी बोच. भारताचा मंत्री आणि अंतिम फेरीतल्या संघाच्या मंडळाचा अध्यक्ष, तरी यजमानांच्या लेखी त्याची किंमत दोन खुर्च्यांएवढीही नव्हती. पाकिस्तानच्या मंडळाचे अध्यक्ष नूर खान त्या वेळी लंडनमध्ये होते. पुढचा वर्ल्ड कप आपल्याकडे का भरवू नये, हा विषय त्यांच्यात जेवणाच्या टेबलावर निघाला.

नूर खान हे नाव या कहाणीत साळवे यांच्याइतकेच महत्त्वाचे. १९६५ च्या युद्धात ते पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख होते. नंतर त्यांनी पाकिस्तानची विमान कंपनी चालवली आणि हॉकीच्या चॅम्पियन्स करंडकामागचे डोकेही त्यांचेच. भारताशी लढलेला वायुदलप्रमुख आणि भारताचा मंत्री एका क्रीडास्पर्धेसाठी हातात हात घालतात, यावर अठरा वर्षांपूर्वी कोणी विश्वास ठेवला नसता. पण दोघांतही एक साम्य होते. दोघांनाही सरकारी यंत्रणा कशी हलवायची हे माहीत होते.

अपमानाने फार तर जिद्द दिली असेल. परंतु वर्ल्ड कप हलवायचा तर आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या रचनेतून वाट काढावी लागणार होती आणि ती रचना यजमानांच्याच सोयीची होती. परिषदेचे कार्यालय लॉर्ड्सवर. मेरिलबोन क्लबचा अध्यक्ष तोच परिषदेचा अध्यक्ष, क्लबचा सचिव तोच परिषदेचा सचिव. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया या संस्थापक देशांना नकाराधिकार होता. तो १९९३ मध्ये संपला. पूर्ण सदस्य तेव्हा सात: इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, वेस्ट इंडीज, न्यूझीलंड, भारत, पाकिस्तान आणि १९८१ मध्ये आलेला श्रीलंका. त्यांना प्रत्येकी दोन मते. त्यांच्याखाली सहसदस्य देश, त्यांना प्रत्येकी एक. १९७५, १९७९ आणि १९८३ चे तिन्ही वर्ल्ड कप इंग्लंडमध्ये झाले होते आणि चौथाही तिथेच होणार, असे जवळजवळ सगळ्यांनीच गृहीत धरले होते.

साळवे यांनी प्रथम घराजवळची मोट बांधली. १९ सप्टेंबर १९८३ रोजी, म्हणजे लॉर्ड्सनंतर तीन महिन्यांच्या आत, नवी दिल्लीत आशियाई क्रिकेट परिषद स्थापन झाली. भारत, पाकिस्तान, श्रीलंका, बांगलादेश, मलेशिया आणि सिंगापूर हे संस्थापक सदस्य होते आणि पहिले अध्यक्ष साळवे. या यादीकडे नीट पाहावे. मलेशिया आणि सिंगापूर यांच्या क्रिकेटची तेव्हा जगात फारशी दखल नव्हती, पण आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांना मत होते. एप्रिल १९८४ मध्ये शारजात पहिला आशिया चषक झाला. तीन संघांची ही छोटेखानी स्पर्धा सुनील गावसकरच्या नेतृत्वाखाली भारताने जिंकली. वाळवंटात गर्दी जमते, प्रायोजक मिळतात आणि सामन्यांचे नियोजन लंडनच्या मदतीवाचून होते, हे या स्पर्धेने दाखवून दिले.

दुसरा मुद्दा पैशांचा. भारत आणि पाकिस्तान यांनी संयुक्त यजमानपदाचा जो प्रस्ताव ठेवला त्यात सहभागी देशांना, विशेषतः सहसदस्यांना, इंग्लंड देत होते त्याहून बरीच जास्त रक्कम देऊ केली. ज्या देशांना परिषदेच्या बैठकीत आजवर फक्त हात वर करण्याचे काम होते त्यांच्या मताला प्रथमच किंमत आली. नैतिक दृष्टीने पाहिले तर याला मते विकत घेणे म्हणता येईल, आणि इंग्लंडमध्ये तसे म्हटलेही गेले. पण सगळा नफा एका देशाकडे जाण्यापेक्षा तो छोट्या देशांत वाटला जाणे अधिक न्याय्य होते, हा युक्तिवादही तितकाच भक्कम आहे. लेखापाल साळवे यांनी प्रस्ताव मांडला तो भावनेवर नव्हे, तर आकड्यांवर, आणि आकड्यांना उत्तर देणे प्रतिपक्षाला जड गेले.

इंग्लंडचा तांत्रिक आक्षेप उजेडाचा होता. इंग्लंडच्या उन्हाळ्यात संध्याकाळ लांबते, त्यामुळे ६० षटकांचा सामना एका दिवसात संपतो. भारतीय उपखंडात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इतका उजेड नसतो. यावर तोडगा निघाला तो सामना ५० षटकांचा करण्याचा. आज एकदिवसीय क्रिकेट म्हणजे ५० षटके हे समीकरण पक्के बसले आहे. वर्ल्ड कपपुरते तरी ते आपल्याकडच्या हिवाळ्याच्या तोंडावरच्या लहान दिवसांमुळे ठरले. मतदान झाले तेव्हा सहसदस्यांची मते निर्णायक ठरली आणि वर्ल्ड कप इंग्लंडबाहेर निघाला.

दरम्यान मंडळाचा रोजचा कारभार चालू होता आणि तो सोपा नव्हता. १९८३-८४ मध्ये वेस्ट इंडीजने भारतात येऊन कसोटी मालिका ३-० अशी जिंकून लॉर्ड्सचा वचपा काढला. १९८१ च्या मुंबई कसोटीनंतर भारताला पुढचा कसोटी विजय मिळाला तो थेट १९८४ च्या मुंबई कसोटीत. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी भारतीय संघ सियालकोटला पाकिस्तानविरुद्ध एकदिवसीय सामना खेळत होता. दिलीप वेंगसरकर ९४ वर नाबाद असताना इंदिरा गांधी यांच्या हत्येची बातमी आली. सामना आणि दौरा दोन्ही तिथेच थांबले. त्याच दिवशी पहाटे इंग्लंडचा संघ दिल्लीत उतरला होता. तो काही दिवस श्रीलंकेत जाऊन राहिला आणि नंतर परतला. मुंबईतल्या पहिल्या कसोटीच्या आदल्या दिवशी तिथल्या ब्रिटिश उपउच्चायुक्तांची हत्या झाली, तरीही कसोटी झाली आणि पूर्ण मालिका खेळली गेली. मार्च १९८५ मध्ये मेलबर्नला भारताने पाकिस्तानला हरवून जागतिक अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. साळवे यांच्या तीन वर्षांच्या कारकिर्दीत असे तीन मोठे एकदिवसीय करंडक आले. त्याचे श्रेय अर्थात खेळाडूंचे. अध्यक्षाने एकही झेल घेतलेला नसतो.

१९८५ मध्ये साळवे यांनी अध्यक्षपद सोडले आणि एस. श्रीरामन त्या जागी आले. नूर खानही त्याआधीच पाकिस्तान मंडळातून गेले होते. ज्या दोघांनी कल्पना मांडली ते दोघेही आपापल्या मंडळांच्या अध्यक्षपदावर नव्हते, पण स्पर्धेची सूत्रे ज्या भारत-पाक संयुक्त व्यवस्थापन समितीकडे होती तिचे अध्यक्षपद साळवे यांच्याकडेच राहिले. इंदरजितसिंग बिंद्रा आणि जगमोहन दालमिया हे पुढे गाजलेले दोन प्रशासक याच समितीच्या कामातून वर आले. बिंद्रा सनदी अधिकारी, दालमिया बांधकाम व्यावसायिक, साळवे राजकारणी. भारतीय क्रिकेट पुढची अनेक दशके ज्या तीन प्रकारच्या माणसांनी चालवले त्या तिघांचे नमुने इथे एका टेबलाशी बसलेले दिसतात.

अडचण होती पैशांची. देऊ केलेली रक्कम पौंडांत द्यायची होती आणि त्या काळी परकीय चलनाचा एकेक पौंड सरकारच्या परवानगीने बाहेर जाई. तिथे साळवे यांचे दिल्लीतले वजन कामी आले. आधीच्या तिन्ही स्पर्धांची प्रायोजक असलेली प्रुडेन्शियल ही ब्रिटिश विमा कंपनी बाजूला झाली होती. धीरूभाई अंबानी यांची रिलायन्स पुढे आली आणि स्पर्धेला तिचे नाव मिळाले. भारतीय उद्योगसमूहाने जागतिक स्पर्धेवर आपले नाव लावण्याचा क्रिकेटमधला हा पहिलाच मोठा प्रसंग.

दुसरी अडचण सीमेवर होती. १९८६-८७ च्या हिवाळ्यात राजस्थानात भारतीय लष्कराचा ‘ब्रासटॅक्स’ हा प्रचंड युद्धसराव चालू होता आणि दोन्ही सैन्ये समोरासमोर आली होती. फेब्रुवारी १९८७ मध्ये पाकिस्तानचे अध्यक्ष झिया-उल-हक जयपूरला कसोटी पाहण्याच्या निमित्ताने आले आणि तणाव निवळला. त्यानंतर आठ महिन्यांनी याच दोन देशांनी मिळून वर्ल्ड कप भरवला.

८ ऑक्टोबर १९८७ रोजी सिंधमधील हैदराबादेत स्पर्धा सुरू झाली. सामने २७, मैदाने २१, त्यांतली १४ भारतात आणि ७ पाकिस्तानात. इतकी मैदाने कशाला, अशी टीका झाली. संघांना आणि पत्रकारांना विमानतळांवर तासन्‌तास काढावे लागले, हे खरेच आहे. पण प्रत्येक मैदान म्हणजे एक संघटना आणि प्रत्येक संघटना म्हणजे मंडळातले एक मत, हे गणित विसरून चालणार नाही. पुण्याला इंग्लंड-श्रीलंका सामना मिळाला. नागपूरला भारत-न्यूझीलंड. ३१ ऑक्टोबरला सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर चेतन शर्माने केन रदरफोर्ड, इयान स्मिथ आणि इवेन चॅटफिल्ड यांचे त्रिफळे ओळीने उडवून वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक घेतली. नंतर अंगात ताप असताना गावसकरने नाबाद १०३ धावा ठोकल्या. एकदिवसीय सामन्यांतले त्याचे हे एकमेव शतक. धावांच्या गतीवर गटात पहिले यायचे आणि उपांत्य सामना लाहोरऐवजी मुंबईत खेळायचा, यासाठी भारताला लक्ष्य झपाट्याने गाठायचे होते. ते ३२.१ षटकांतच गाठले गेले. साळवे यांच्या गावाला स्पर्धेतला सर्वांत रंगलेला दिवस मिळाला.

भारत-पाकिस्तान अंतिम सामना कोलकात्यात व्हावा, अशी दोन्हीकडे आशा होती. ती फळली नाही. ४ नोव्हेंबरला लाहोरमध्ये ऑस्ट्रेलियाने पाकिस्तानला १८ धावांनी हरवले आणि दुसऱ्या दिवशी वानखेडेवर ग्रॅहम गूचने स्वीपच्या फटक्यांवर ११५ धावा काढून भारताला ३५ धावांनी घरी बसवले. ८ नोव्हेंबरला ईडन गार्डन्सवर ऑस्ट्रेलियाने इंग्लंडवर ७ धावांनी मात केली. यजमान नसलेल्या दोन संघांच्या अंतिम सामन्यालाही मैदान खचाखच भरले होते. पंच होते भारताचे राम गुप्ता आणि पाकिस्तानचे महबूब शाह. इंग्लंडबाहेरच्या पंचांनी वर्ल्ड कपचा अंतिम सामना प्रथम चालवला तो असा, इंग्लंड त्यात खेळत असताना.

या स्पर्धेनंतर वर्ल्ड कप फिरता झाला. १९९२ मध्ये तो ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला गेला, १९९६ मध्ये पुन्हा उपखंडात आला. बिंद्रा मंडळाचे अध्यक्ष झाले, दालमिया १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेचे. साळवे यांनी मतांची आणि पैशांची जी पद्धत वापरली तीच या दोघांनी पुढे कितीतरी जोरकसपणे चालवली. मात्र एक फरक पडला. साळवे यांच्या वेळी भारत हा दुय्यम देश होता आणि छोट्यांना बरोबर घेणे ही त्याची गरज होती. पुढे भारतच सर्वांत मोठा झाला आणि ती गरज उरली नाही. राजकारण्यांनी क्रिकेट चालवावे का, हा प्रश्नही त्यासोबत मोठा होत गेला. १८ जुलै २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मंडळाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या लोढा समितीच्या बहुतेक शिफारशी स्वीकारल्या. त्यांतल्या एकीनुसार मंत्र्याला मंडळाचा पदाधिकारी होता येत नाही. हा नियम १९८३ मध्ये असता तर लॉर्ड्सवर तिकिटे मागायला साळवे अध्यक्ष म्हणून गेलेच नसते.

रिलायन्स कपची तयारी चालू असतानाच साळवे यांच्याकडे दुसरी जबाबदारी आली होती. जून १९८७ मध्ये नेमलेल्या नवव्या वित्त आयोगाचे ते अध्यक्ष होते. केंद्र आणि राज्यांमधील महसुलाची वाटणी ठरवताना राज्यांचा प्रत्यक्ष खर्च न पाहता तो किती असायला हवा याचे निकष लावण्याची पद्धत या आयोगाने अवलंबली. नैसर्गिक आपत्तींसाठी राज्यांकडे स्वतंत्र निधी असावा, ही शिफारसही त्याचीच. क्रिकेटच्या चाहत्यांना या कामात रस नसतो, पण साळवे यांचा देशाच्या कारभारावर सर्वांत दीर्घ परिणाम कदाचित इथे झाला. १९९३ ते १९९६ या काळात नरसिंह राव सरकारात ऊर्जा खाते त्यांच्याकडे होते. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा करार, त्यासाठी केंद्राने दिलेली प्रतिहमी आणि १९९५ मध्ये युती सरकारने प्रकल्प रद्द केल्यावर उठलेले वादळ, हे सगळे त्याच काळातले.

अखेरच्या पर्वात ते विदर्भाकडे वळले. स्वतंत्र विदर्भ राज्याच्या मागणीसाठी वसंत साठे आणि साळवे यांनी २००३ मध्ये काँग्रेस सोडली आणि विदर्भ राज्य निर्माण काँग्रेस स्थापन केली. दोघेही तेव्हा वयाने आणि राजकारणाने मावळतीला लागले होते. पक्षाला फारसा जनाधार मिळाला नाही. साठे सप्टेंबर २०११ मध्ये गेले. १ एप्रिल २०१२ रोजी दिल्लीत वयाच्या ९१ व्या वर्षी साळवे यांचे निधन झाले. वेगळे राज्य झालेले नाही. रणजीत वेगळा खेळणारा विदर्भाचा संघ मात्र २०१७-१८ मध्ये इंदूरला दिल्लीला हरवून पहिल्यांदा विजेता झाला, पुढच्या वर्षी त्याने विजेतेपद राखले आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा करंडक जिंकला.